समुद्रावर प्रयोग करायचा तर विचारायचं कोणाला? (लोहाफेक्सच्या निमित्ताने)

क्षारपड (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांशी समुद्र आणि हवामानाबद्दल बोलायचं होतं. टिपणं काढायला बसले आणि लोहाफेक्सपाशी, म्हणजे समुद्रात लोह टाकून बघण्याच्या २००९ सालच्या प्रयोगापाशी, अडकले. मुलांना त्यातलं काहीच सांगितलं नाही, कारण ते दहा मिनिटांत उरकण्यासारखं प्रकरण नाही. म्हणून इथे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आहे, पण लोह जवळजवळ नाही. त्यामुळे तिथली सूक्ष्म शेवाळं, म्हणजे वनस्पती-प्लवकं, ताट वाढलेलं असून उपाशी. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ साली एका व्याख्यानात अर्ध्या थट्टेने म्हटलं होतं, मला अर्धा टँकर लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. थट्टा बाजूला ठेवली तर तर्क सरळ आहे. लोह टाका, प्लवक फोफावेल, कार्बन डायऑक्साइड शोषेल, त्यातलं काही मरून खोल बुडेल आणि तो कार्बन काही शतकं तरी वर येणार नाही. १९९३ साली खुल्या समुद्रात पहिला प्रयोग झाला, त्याच्या काही महिने आधी मार्टिन गेले. बिचाऱ्यांना तो बघायलाही मिळाला नाही.

मग यात धंदा दिसू लागला. प्लँक्टॉस नावाची कंपनी २००७ साली गालापागोसजवळ लोह टाकून कार्बनची पतपत्रं (कार्बन क्रेडिट) विकायच्या तयारीत होती. ओरड झाली, बेत फसला. पण त्यामुळे जगभरची सरकारं सावध झाली. मे २००८ मध्ये जर्मनीत, बॉनला, जैवविविधता कराराच्या बैठकीत ठराव झाला की पुरेसा शास्त्रीय आधार मिळेपर्यंत समुद्राला असं खत घालू नये, अपवाद फक्त किनारी पाण्यातल्या छोट्या वैज्ञानिक प्रयोगांचा. ठिकाण लक्षात ठेवा. जर्मनी.

आता लोहाफेक्स. नावातला 'लोहा' आपलाच. गोव्यातली दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग. प्रमुख दोघे: आपल्याकडून वाजिह नक्वी, तिकडून व्हिक्टर स्मेटाचेक. (स्मेटाचेकही तसे अर्धे आपलेच, कुमाऊँमध्ये वाढलेले.) जहाज जर्मनांचं, बर्फ फोडत जाणारं 'पोलारस्टर्न'. ४८ शास्त्रज्ञ, त्यातले ३० भारतीय. बेत असा की सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात २० टन लोह सल्फेट टाकायचं आणि काय होतं ते आठवडेच्या आठवडे मोजत राहायचं.

७ जानेवारी २००९ रोजी जहाज केपटाऊनहून निघालं. आठवडाभरातच पर्यावरणवादी संघटनांनी आवाज उठवला की हा बॉनच्या ठरावाचा भंग आहे. जर्मनीचे पर्यावरणमंत्री सिग्मार गाब्रिएल यांना ते पटलं, कारण ठराव त्यांच्याच घरी झालेला. पण पैसा आणि संस्था संशोधनमंत्री आनेटे शावान यांच्याकडे. शावानबाईंनी प्रयोग थांबवला आणि बाहेरच्या संस्थांकडून शास्त्रीय आणि कायदेशीर मतं मागवली. तोवर जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये भोवऱ्यासारखा फिरणारा, आत टाकलेलं पाणी बाहेर न सांडणारा पट्टा शोधत होतं. २६ जानेवारीला हिरवा कंदील मिळाला आणि लोह पडलं.

(अवांतर: याच शावानबाईंची डॉक्टरेट वाङ्मयचौर्यावरून २०१३ साली विद्यापीठाने काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. नियतीला विनोद कळतो.)

लोह टाकलं यात मला फार वावगं दिसत नाही. मला खटकतो तो क्रम. प्रयोग धोक्याचा आहे का, कायद्यात बसतो का, हे तिऱ्हाइताने तपासायचं काम जहाज समुद्रात गेल्यावर झालं, तेही ओरड झाली म्हणून. ४८ माणसं डेकवर, इंधन जळतंय, वर्षानुवर्षांची तयारी पणाला, दोन देशांची इभ्रत मधे. अशा वेळी 'नको' म्हणायची हिंमत कुठल्या तज्ज्ञाला होईल? पंगत बसल्यावर नवरीला 'स्थळ पसंत आहे ना गं?' विचारण्यातला प्रकार.

इथे समुद्रावर काम केलेली मंडळी आहेत हे माहीत आहे. माझं चुकत असेल तर सांगा.

आकडेमोड

धागा आवडला, पण प्रमाण बघूया का? २० टन म्हणजे २०,००० किलो. भागिले ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला ६७ किलो. चौरस मीटरला ०.०६७ ग्रॅम. ताटातल्या चिमूटभर मिठापेक्षा कमी! आणि हे वजन लोह सल्फेटचं, त्यातलं निव्वळ लोह साधारण पाचवा हिस्सा. हेच सल्फेट माळी हिरवळीवर मारतो आणि डॉक्टर रक्त कमी असलेल्या बाईला गोळीत देतो. वितळणारे हिमनग त्या समुद्रात निसर्गतःच लोह सोडत असतात.

मुंबईच्या खाड्यांत रोज काय काय सोडलं जातं त्याला परवानगी कोण विचारतं? तिथे सगळे गप्प आणि चिमूटभर लोहावर दोन मंत्री भांडतात. मला तर हा शास्त्रज्ञांना बडवायचा सोपा मार्ग वाटतो. गरीब गाय, तिच्यावर सगळ्यांचा पाय.

क्षारपड

@आकडेमोड, गणित मान्य. मीही लोहाला विष म्हणत नाहीये. पण 'थोडंच आहे' हे ठरवणारा आणि टाकणारा एकच माणूस असला की पंचाईत होते. आज ३०० चौरस किलोमीटर. ते जमलं की उद्या कोणी तीस हजारांचा प्रस्ताव आणेल, आणि दाखला कशाचा देईल? याच प्रयोगाचा. खाड्यांबद्दल शंभर टक्के सहमत, त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

उलटतपासणी

कायद्याच्या बाजूने दोन पैसे टाकतो, कारण इथे 'ठरावाचा भंग' हा शब्द फार सहज वापरला जातोय.

पहिली गोष्ट, बॉनचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो सरकारांना केलेला आग्रह आहे. मोडला म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, लाज मात्र वाटायला हवी. दुसरी गोष्ट म्हणजे त्यातली 'किनारी पाणी' ही अट. जिथे लोहाची कमतरताच नाही तिथे लोहाचा प्रयोग करा म्हणण्यात काय हशील? किनाऱ्याजवळ नद्या लोह आणतातच. शिवाय माणसं, मासेमारी, सगळं तिथेच. युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाच्या तज्ज्ञगटानेही ही अट मनमानी आणि उलट परिणाम करणारी असल्याचं तेव्हाच म्हटलं होतं. म्हणजे शास्त्रज्ञांनी ती पाळली नाही यामागे नुसता उद्दामपणा नव्हता.

तिसरी, आणि माझ्या मते खरी मेख. ऑक्टोबर २००८ मध्ये लंडन कराराच्या सदस्यांनी, म्हणजे समुद्रात काय टाकता येईल हे ठरवणाऱ्या कराराच्या लोकांनी, ठराव केला की 'वैध वैज्ञानिक संशोधन' सोडून बाकी कुठल्याही कारणाने असं खत घालू देऊ नये. ठीक. पण वैध म्हणजे काय? ते तपासायची चौकट आली २०१० साली. म्हणजे लोहाफेक्स निघालं तेव्हा परीक्षा होती, पण अभ्यासक्रम छापून यायचा होता. बंधनकारक व्हावी अशी दुरुस्ती त्यांनी २०१३ साली केली, पण ती पुरेशा सदस्यदेशांनी रीतसर स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. खुल्या समुद्राचा जो नवा करार २०२३ साली मंजूर झाला त्यात पर्यावरणावरचे परिणाम आधी तपासण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. 'आधी' हा शब्द कायद्यात यायला एवढा वेळ लागला.

तेव्हा धागाकर्तीचा क्रमाचा मुद्दा बरोबर, पण दोष एकट्या शास्त्रज्ञांच्या माथी मारू नका. विचारायला खिडकीच नव्हती. आणि खिडकी नसली की माणूस घरातल्या घरात विचारतो आणि घरातलाच कोणीतरी 'हो' म्हणतो.

साधामाणूस

सगळं वाचलं. पण मग शेवटी झालं काय? प्लवक वाढलं का नाही? कोणीच सांगेना.

क्षारपड

@साधामाणूस, अरे हो! तेच राहिलं. आणि खरं तर या सगळ्या प्रकरणात मला आवडलेला भाग तोच आहे.

प्लवक वाढलं. पहिल्या दोनेक आठवड्यांत दुपटीच्या आसपास गेलं. आणि मग चरणारे आले. कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कण्यांएवढे कवचधारी जीव ते प्लवक फस्त करू लागले. त्या कोपेपॉडांना खायला झिंग्यासारखे दिसणारे अँफिपॉड. टाकलं लोह, झाली मेजवानी, आणि खोल समुद्रात गेलेला कार्बन नगण्य.

कारणही छान आहे. स्मेटाचेक यांच्याच गटाने २००४ साली आयफेक्स हा प्रयोग केला होता. तेव्हा डायॅटम, म्हणजे काचेच्या डबीत राहणारं शेवाळ, फोफावलं होतं आणि त्या बहरातला निम्म्याहून जास्त भाग हजार मीटरखाली बुडाला होता. ती काच बनते सिलिकापासून. लोहाफेक्स जिथे झाला त्या पाण्यातला सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवलेला. त्यामुळे काच नसलेलं मऊ शेवाळ वाढलं. मऊ शेवाळ म्हणजे चरणाऱ्यांना आयता मऊभात.

आता बघा. मार्चमध्ये जहाज चिलीत पुंता अरेनासला लागलं आणि त्याच महिन्यात संस्थेने स्वतःच पत्रक काढून सांगितलं की या प्रयोगाने कार्बन गाडण्याच्या आशेवर पाणी पडलंय. एवढं रण माजल्यावर, मंत्र्यांपर्यंत प्रकरण गेल्यावर, 'आमचा प्रयोग भलताच यशस्वी' असं म्हणण्याचा मोह किती झाला असेल! प्लवक वाढल्याचे उपग्रहाचे हिरवे फोटो दाखवून वेळ मारून नेता आली असती. तसं केलं नाही. विरोधकांच्या हातात कोलीत देणारा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या हाताने दिला. आधी न विचारल्याचे माझ्याकडून वजा गुण, पण नंतर खरं सांगितल्याचे पूर्ण गुण.

दोनापावला_रिटर्न

मी त्या मोहिमेत नव्हतो, गैरसमज नको. पण काही वर्षं प्रकल्प सहायक म्हणून जहाजांवर काढली आहेत. कुठली संस्था, कुठलं जहाज ते सांगणार नाही, कारण जे सांगतोय त्यात मीच चुकलोय.

तुम्ही सगळे मंत्री, ठराव, करार यावर बोलताय. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न एका बाटलीत मावतो.

अरबी समुद्र, पहाटेचे तीन. जहाज स्टेशनवर (मोजणीच्या ठरलेल्या जागी) थांबलं की सीटीडी खाली सोडतात, म्हणजे क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र, भोवती गोल चौकटीत बारा निस्किन बाटल्या. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते आणि तिथलं पाणी घेऊन येते. डेकवर आली की आधी गळती तपासायची. वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालची तोटी उघडायची. पाणी यायला नको. आलं तर बाटली कुठेतरी हवा घेतेय, म्हणजे वाटेत वरचं पाणीही तिच्यात शिरलं असणार.

त्या रात्री सात नंबरच्या तोटीतून धार आली. बाटली तीनशे मीटरची. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या मधे ऑक्सिजन जवळजवळ शून्य असतो. तिथल्या पाण्यात वरचं घोटभर पाणी मिसळलं तरी आकडा खोटा. मी वरिष्ठांना विचारलं. ते झोपेत होते, म्हणाले, "वरच्या आणि खालच्या बाटलीचा आकडा बघ आणि मधला टाक. आलेखात भोक नको." मी टाकला. हात थरथरला बिरथरला नाही. तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं, लपवाछपवीचं वाटलंच नाही.

सकाळी नाश्त्याला एक बाई, दुसऱ्याच प्रयोगशाळेच्या, ताटात उपमा घेत म्हणाल्या, "रात्री सात नंबर गळत होती म्हणे. मग तिचा ऑक्सिजन आला कुठून?" डेकवरचा खलाशी त्यांच्याशी सहज बोलला होता. मी गप्प. उपमा तसाच टाकून प्रयोगशाळेत गेलो, आकडा खोडला आणि खूण घातली. त्या नोंदींची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, प्रत्येक बाटलीपुढे एक अंक. २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे गळकी. त्या मोहिमेच्या तक्त्यात आजही सात नंबरपुढे ३ आहे आणि ऑक्सिजनचा रकाना रिकामा.

तो आकडा राहिला असता तर कोणाला कधीच कळलं नसतं. शेतात खोटं खत टाकलं तर पीक सांगतं. समुद्रात ते पाणी पुढच्या मिनिटाला निघून गेलेलं असतं. त्याच पाण्यात पुन्हा बाटली बुडवता येत नाही. आणि असं जहाज दिवसाला लाखोंनी खातं, त्यामुळे 'जा, पुन्हा मोजून ये' असं कोणी म्हणत नाही.

अजून एक. चौकटीबाहेरचं वाटेल, पण क्षारपडताईंच्या मुद्द्याला धरून आहे. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूसमोरच्या समुद्रात चार हजार मीटरखाली तळ नांगरून पाहिला. उद्या तिथल्या धातूच्या गोट्यांची खाण निघाली तर जीवांचं काय होईल हे कळावं म्हणून. २०१५ साली परत जाऊन पाहिलं तर नांगराच्या रेघा तशाच. २६ वर्षं झाली तरी! आपणही १९९७ साली मध्य हिंद महासागरात तळ मुद्दाम ढवळून असाच अभ्यास केला. तिथे भारताकडे गोट्या शोधायला ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. नुकसान किती होईल हे कळायला आधी थोडं नुकसान करावं लागतं, यातून सुटका नाही. मी अशा प्रयोगांच्या बाजूचाच आहे. फक्त नांगरणाऱ्याने २६ वर्षांनी परत जाऊन बघायला हवं. किती जण जातात?

आकडेमोड

@दोनापावला_रिटर्न, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका हो. माझं चिमूटभर मीठ मी मागे घेत नाही, पण थोडा वरमलोय.

उत्तरध्रुवीय

बाटलीवरून स्वीडनमधलं प्रकरण आठवलं, इथे फार गाजलं होतं.

२०१६ साली 'सायन्स'मध्ये निबंध आला की प्लॅस्टिकचे बारीक कण पाण्यात असले तर पर्च माशाची पिल्लं खरं खाणं सोडून प्लॅस्टिकच खातात, 'पोरं जसं जंक फूड खातात तसं'. बातमी जगभर गेली. प्रयोग बाल्टिकमधल्या गॉटलंड बेटावरच्या संशोधन केंद्रात झाला म्हणे.

गंमत अशी की त्याच सुमारास त्या केंद्रात दुसरी एक संशोधिका काम करत होती. एवढा मोठा प्रयोग, इतकी टाक्यांची रांग, तिला कुठे दिसलीच नव्हती. केंद्र काही ताजमहाल नाही, कोणाची बादली कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तिने आणि आणखी सहा जणांनी तक्रार केली. मूळ नोंदी मागितल्या तर उत्तर आलं, लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला, दुसरीकडे प्रत नाही.

आणि आता ऐका. उप्साला विद्यापीठाच्या पहिल्या चौकशीत काहीच गैर आढळलं नाही! मग देशपातळीच्या नीतिमंडळाच्या तज्ज्ञांनी बघितलं, २०१७च्या एप्रिलमध्ये अप्रामाणिकपणाचा ठपका आला, मे महिन्यात 'सायन्स'ने निबंध मागे घेतला. माशांवर प्रयोग करायची परवानगीही वैध नव्हती असं निघालं. डिसेंबरात विद्यापीठानेही मान्य केलं. २०२० पासून स्वीडनमध्ये अशा तक्रारी विद्यापीठाच्या हातातून काढून स्वतंत्र राष्ट्रीय मंडळाकडे दिल्या आहेत. उलटतपासणी म्हणतात तशी खिडकी, घराबाहेरची.

त्याच सात जणांनी पुढे, २०२० साली, समुद्र आम्लधर्मी झाला की प्रवाळातले मासे वेड्यासारखे वागतात या गाजलेल्या निष्कर्षांची फेरतपासणी 'नेचर'मध्ये छापली आणि ते परिणाम त्यांना सापडले नाहीत. माशांचं वागणं त्यांनी चित्रफितीवर घेऊन ठेवलं होतं, कोणीही बघून पुन्हा मोजावं म्हणून. लॅपटॉप चोरीला गेला म्हणायची सोयच नाही.

मला यातला त्रास सांगतो. प्लॅस्टिक वाईटच आहे. समुद्र आम्लधर्मी होतोय हेही खरं आहे. पण तक्रार करणाऱ्यांना सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागलं ते याचंच, की तुम्ही चांगल्या कामाला खीळ घालताय. आपल्या बाजूचा खोटा आकडा खोडायला जास्त जड जातं.

मालवणचो_झिल

मोठ्या मोठ्या समुद्रांच्या गोष्टी चालल्यात, आमच्या दारातलं सांगतो.

काकांची छोटी होडी आहे. खडकाळ तळाच्या चार-पाच जागा त्यांना आजोबांकडून आलेल्या. त्या कागदावर कुठेच नाहीत. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, आणि दुसऱ्या बाजूला अमुक माड अमुक खडकावर दिसला, की गळ सोडायचा. मला त्या अजून नीट येत नाहीत, शिव्या खातो.

तीन-चार वर्षांपूर्वी एका संस्थेची पोरं आली. नाव नको. चांगली होती पोरं, घरी जेवली, काकूने सोलकढी पाजली. काकांनी दोन दिवस होडीतून फिरवलं. त्यांनी जीपीएसवर खुणा घेतल्या. जाताना एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत. काकांनी सही केली कारण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?

वर्षाने माझ्या मित्राने इंटरनेटवर नकाशा दाखवला. सगळ्या जागा ठिपके देऊन, अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत. चार आकडे म्हणजे अकरा मीटरच्या आत बरोबर, मी हिशेब केला. काका म्हणाले, "आज्यान माका सांगूक वीस वर्षां घेतल्यान. ह्येंनी दोन दिवसांत जगाक सांगल्यानी."

त्या मोसमात बाहेरच्या होड्या तिथे दिसल्या. नकाशामुळेच आल्या असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आजकाल फिशफाइंडर सगळ्यांकडे आहेत. पण काकांच्या मनातून ते जात नाही. आणि निबंध काय होता माहीत आहे? पारंपरिक मच्छीमारांच्या जागांचं संवर्धन!

अंटार्क्टिकाजवळ विचारायला माणूसच नव्हता, मान्य. इथे होता. समोर बसून सोलकढी पीत होता.

निळीशाई

@मालवणचो_झिल, वाचून पोटात कालवलं.

मी व्हँकुव्हरजवळ राहते, इथली उलट गोष्ट सांगते. २०१२ साली हैदा ग्वाय बेटांवरच्या ओल्ड मॅसेट गावाने स्वतः कौल देऊन सुमारे २५ लाख कॅनेडियन डॉलर एका कंपनीत घातले. कशाला? पॅसिफिकमध्ये लोह टाकायला. प्लवक वाढलं की सामन मासा वाढेल, शिवाय कार्बनचे पैसे येतील. सल्ला देणारा माणूस तोच, क्षारपडने वर लिहिलेल्या प्लँक्टॉसचा. सुमारे १०० टन लोहाचं खत टाकलं. लोहाफेक्सच्या पाचपट! जगाला कळलं ऑक्टोबरात, लोह पडून तीन महिने झाल्यावर.

म्हणजे इथे गावाला विचारलं होतं, गावाने 'हो' म्हटलं होतं, पैसेही गावाचेच. तरी चूकच, कारण ज्याचा यात फायदा नाही असा एकही माणूस वाटेत नव्हता. पुढच्या वर्षी अलास्कात गुलाबी सामनचं विक्रमी पीक आलं आणि श्रेय घ्यायला हे पुढे. एका वर्षाच्या माशांवरून काय सिद्ध होतं? पण ज्या गावाची मासेमारी आटली त्याला हे कसं समजावणार? मला त्या गावावर रागावता येत नाही.

क्षारपड

धागा माझ्या हातातून निघून गेला आणि बरंच झालं. @निळीशाई, तुमच्या उदाहरणाने माझी पंगतीची उपमा अर्धी पडली. नवरीने खुशीने हो म्हटलं तरी स्थळ वाईट निघू शकतं.

@मालवणचो_झिल, त्या लोकांना पत्र लिहिलंत का? नकाशा काढून टाका म्हणून? मजकूर लिहायला हवा असेल तर मी आणि उलटतपासणी आहोत.

उलटतपासणी

+१. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. धमकीची भाषा नको. सही घेतलेल्या कागदाची प्रत आधी मागू, मराठी भाषांतरासह.

मालवणचो_झिल

आठ महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पत्र गेलं. दोन महिने काही नाही. पुन्हा गेलं. मग त्या पोरांतल्या एकाचा फोन आला, आता तो नोकरीला दुसरीकडे आहे. म्हणाला, आमच्या डोक्यातच आलं नाही, सर म्हणाले डेटा खुला ठेवायचा असतो. खोटं बोलत नव्हता तो. नंतर संस्थेने नकाशा बदलला. ठिपके गेले, आता दोन-दोन किलोमीटरचे चौकोन आहेत, फिकट-गडद रंगाचे. जुना ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे आहेच, त्याला इलाज नाही. सहीच्या कागदाचं मराठी भाषांतरही आलं, त्यात 'माहिती सार्वजनिक केली जाऊ शकते' हे वाक्य होतं, सातव्या ओळीत.

नवा नकाशा छापून काकांना नेऊन दिला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, कागद उलटा धरून पण बघितला. म्हणाले, "आता बरो केल्यानी. ह्येच्यात कोणाकच काय गावाचा नाय." मग कागदाची घडी घालून गळांच्या डब्यात ठेवला.